आईने मध्येच तोडलेला धवला

हळदीचा डबा उघडला की मला मुरबाडचं ते मोबाईलचं दुकान आठवतं. आई धवलारीण होती. लग्नघरात हळदीपासून धवले, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणायची, आणि सुरू केलेला धवला मध्ये तोडायचा नाही हा तिचा नेम. ती गेली, तिचे दिवस झाले आणि माझी मस्कतला कामावर परत निघायची वेळ आली. तिचं एकच रेकॉर्डिंग होतं, माझ्या जुन्या फोनात. फाईल एवढी मोठी की नव्या फोनात पुरती जायच्या आत जुना फोन बंद पडायचा. आठवीत शाळा सुटलेली, मला त्यातलं काय कळणार? फाईल पुसली जाईल या भीतीने फोन त्या दुकानात घेऊन गेलो. दुकानदाराने फाईल लहान केली, पण आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. "दादा, ही आमची आई नाय," मी म्हटलं. "थांब रे, लयच दाबली मी. दोन्ही कानांना एकच आवाज ठेवतो, म्हणजे लहान पण होईल नि साफ पण राहील." या वेळी खरंच आई गायला लागली. गाता गाता थांबली, "फोन ठेव रे पोरा, भात निवला तुझा," म्हणाली आणि पुढे गाऊ लागली. "एवढं बोलणं कापू? गाणं सलग होईल," त्याने विचारलं. मी मानेनेच नको म्हटलं. त्याने हेडफोन माझ्या कानाला लावला आणि दुकान माझ्यावर सोडून बाहेर जाऊन उभा राहिला. त्या माणसाचे उपकार फिटायचे नाहीत. इथे मस्कतला सुट्टीच्या दिवशी मी तो धवला लावतो, तिने माझ्यासाठी तोडला तिथपर्यंत. पुढचं अजून ऐकवत नाही.