शिवलेला कप्पा

उखा फार बोलत नसे. बोलण्याच्या जागी तो "हं" म्हणे, आणि त्या "हं"चे तीन प्रकार होते. आखूड, नाकातून सुटलेला "हं" म्हणजे चहा ठेव. घशापर्यंत येऊन परत फिरलेला "हं" म्हणजे नको. आणि लांबलचक, शेवटी जरा वर चढणारा "हंऽ" फक्त नाण्यांसाठी राखून ठेवलेला. धुरपदाबाई नवऱ्याचे हे तिन्ही "हं" इतके हुबेहूब काढून दाखवायची की सुरतेतल्या कोसाडच्या सरकारी आवासातल्या बायका पदर तोंडात कोंबून हसायच्या. तेवढ्यात खुद्द उखाच जिना चढत आला तर विचारायलाच नको.

आता त्याला जाऊन सव्वा वर्ष झालं होतं. आता तिला कोणी "काढून दाखवा" म्हणत नव्हतं.

पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये उखाने एकतीस वर्षं रंगाच्या टाकीवर काढली. नखं कधी निळी, कधी मरून. भाकरी कुस्करताना दुधालासुद्धा रंग चढेल असं वाटायचं. मिलमध्ये ओडिशाची, बिहारची, यूपीची माणसं. कुणाच्या गावाकडच्या गाठोड्यात राणीछाप रुपया निघायचा, कुणाकडे भोकाचा पैसा. उखा त्यांच्याशी पाळी बदलून घ्यायचा, त्यांच्या वाटची रात्रपाळी करायचा, कधी रोख मोजायचा आणि नाणं घेऊन यायचा. असे चार आल्बम भरले. पूर्वी फोटो लावायला मिळायचे तसले, प्लॅस्टिकच्या कप्प्यांचे. प्रत्येक नाण्यामागे तो एक चिठ्ठी सरकवायचा. धुरपदाबाईला अक्षर ओळखता येत नव्हतं. राजाचं नाव लिहीत असतील, असं तिने धरून चालवलं होतं.

पुराच्या वर्षी, ही मंडळी अजून तापीकाठच्या झोपडीत होती तेव्हा, कमरेएवढ्या पाण्यातून उखाने आधी आल्बम डोक्यावर बाहेर काढले आणि मग दळणाचा डबा. नाण्यावरची गोरी राणी पहिली अन् घरची राणी मागून, हे तिने त्याला पुढे जन्मभर ऐकवलं. त्यावर त्याचा दुसऱ्या नंबरचा "हं".

पण तिच्याकडे त्याची आणखी एक गोष्ट होती, आणि ती सांगताना ती नकला करत नसे. तिची आई माहेरी, दोंडाईच्याला शेवटच्या घटका मोजत होती, तसा निरोप आला होता. उखाने मान खाली घालून सांगितलं, भाड्याला पैसे नाहीत. पगार लांब होता. ती पोचली तेव्हा तिसरा दिवस होऊन गेला होता. पण आई गेल्याचं कळल्यावर उखाने दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. जावयाने सासूसाठी दोन दिवस उपास काढला! रडत होती ती, आणि समजूत मात्र तिलाच त्याची काढावी लागली. ही गोष्ट आवासातल्या प्रत्येक नव्या सुनेने निदान एकदा ऐकलेली होती. न बोलणाऱ्या माणसाची माया तिने अशी दोन दिवसांत मोजून ठेवली होती.

मुलगा ललित एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर होता. तो शेठशी गुजरातीत बोले, मशीनवाल्यांशी हिंदीत, आणि घरची बोली धरून तिन्हीत मिळून रागवायचा फक्त आईशी. आबांचं "कलेक्शन" चांदीच्या भावाने सोनाराला देऊन टाकावं असं त्याचं म्हणणं. त्याने दोनदा म्हणूनही दाखवलं होतं की आबांनी भंगार जमवलं आणि आपण भंगारात राहिलो. धुरपदाबाईला नेमकं तेच लागलं. कारण हे वाक्य मूळ तिचंच होतं. पोरगा नुसता तिची नक्कल करत होता.

म्हणून तिने ठरवलं, जाणता माणूस बोलवायचा. तिला पैशाचं फारसं नव्हतं. ललितच्या समोर एका जाणत्याने म्हणावं, की हा माणूस येडा नव्हता. एवढंच तिला ऐकायचं होतं.

त्याआधी धनतेरस आली.

धन धुवायची रीत तिने सुरतेतच उचलली होती. शेजारची पुष्पाबाई गुजरात्यांकडे कामाला जायची, ती घेऊन आली. घरातलं नाणं दुधाने धुवायचं, कुंकू लावायचं, लक्ष्मीपुढे ठेवायचं. उखा दर वर्षी त्यासाठी स्वतःच्या हाताने एकच रुपया काढून द्यायचा, ठरलेला. आणखी मागितला तर नकाराचा "हं". गेली दिवाळी दुखवट्यात, अंधारात गेली. या वर्षी वर्षश्राद्ध उरकलं होतं, आणि "हं" म्हणणारा कोणी नव्हता. तिने चारही आल्बम खाली काढले. यंदा त्यांचं सगळं धन धुवायचं.

उघडून बघते तर कप्प्यांना घाम सुटल्यासारखं झालेलं. नाण्यांवर हिरवी, चिकट बुरशी. वर्षभर आपण लक्ष दिलं नाही म्हणून त्यांचं धन सडलं. तिने चिंच भिजत घातली. दोन दिवस ती घासत बसली होती. आधी चिंच, मग राख, मग पितांबरी, मग दूध. प्रत्येक नाणं मऊ धोतराच्या फडक्याने पुसलं, त्याच्याच धोतराच्या. तांबं नवरीच्या गालासारखं गुलाबी झालं, चांदी आरशासारखी. चिठ्ठ्या हिरव्या पडून चिकटल्या होत्या. पण लिहिलेला कागद, त्यावर पाय पडायला नको, कचरागाडीत जायला नको. तिने त्या सोडवून निर्माल्याच्या पिशवीत भरल्या, गाठ मारली आणि कामावर जाणाऱ्या ललितकडे दिली. अमरोलीच्या पुलावर त्याने गाडी उभी केली, हेल्मेटसुद्धा न काढता पिशवी तापीत सोडली आणि पुढे गेला.

एक कप्पा तेवढा राहिला. चौथ्या आल्बमच्या शेवटच्या पानावर, चारही बाजूंनी दोऱ्याने शिवलेला, आत कागदाची पुडी. फाटला असेल म्हणून शिवला असेल. मिलच्या पॉलिस्टर दोऱ्याची उखाच्या हातची टीप होती ती. तिच्याने ती उसववेना.

भाऊबीज झाल्यावर मगनभाई आले. चौटा बाजारात त्यांचं जुन्या सिक्क्यांचं लहानसं दुकान. गळ्यात भिंग, हातात पांढरे मोजे, आणि प्रत्येक वाक्याला "बराबर?"ची गाठ. धुरपदाबाईने स्टीलच्या ताटात नाणी मांडून ठेवली होती, वर पिवळं फूल. मगनभाईंनी एक उचललं. दुसरं उचललं. मग मोजे काढून खिशात ठेवले.

"माँजी, कुणी धुतलं?"

तिने अभिमानाने स्वतःकडे बोट केलं.

मगनभाईंनी ओरडाआरडा केला नाही, तेच वाईट झालं. हळूहळू, शाळेतल्या पोराला सांगावं तसं त्यांनी सांगितलं. सिक्क्याची उमर त्याच्या अंगावरच्या काळपटपणात असते, बराबर? तो गेला की राहते नुसती धातू. ते हिरवं होतं ना, ती बुरशी नव्हती, आल्बमचं प्लॅस्टिक विरघळून सुटलं होतं. नखांचा रंग काढतात तसल्या औषधाच्या थेंबाचं काम होतं. मग एकेक नाणं बाजूला ठेवत ते म्हणत गेले: हे चांगलं होतं. हे फार चांगलं होतं. हे तर मी वीस वरस शोधतो. त्या "होतं"चा ठेका घरात वाजत राहिला.

"नजर होती हो तुमच्या धन्याला," ते म्हणाले. "मोठी नजर. बराबर?"

जे ऐकायचं होतं ते तिने ऐकलं, ललितच्या समोर ऐकलं. आता त्याचं काय करायचं ते तिला समजेना. ललित भिंतीकडे बघत होता.

चिठ्ठ्या कुठायत, मगनभाईंनी विचारलं. सिक्का कुठून आला, कधी आला, लिहिलेलं असलं की धुतलेल्यालाही थोडी किंमत येते. मायलेकांनी एकमेकांकडे पाहिलं.

मग मगनभाईंनी आल्बम चाळता चाळता तो शिवलेला कप्पा पाहिला आणि खिशातून ब्लेड काढलं. धुरपदाबाई अडवणार होती. तोवर टीप उसवली होती. पुडीतून बडोदा संस्थानचा रुपया निघाला, काळसर, शांत. कागदात होता म्हणून प्लॅस्टिक लागलं नव्हतं. शिवलेला होता म्हणून चिंच लागली नव्हती. साऱ्या संग्रहात तेवढा एक जसाच्या तसा. मगनभाईंनी पुन्हा मोजे घातले आणि तिथल्या तिथे साडेचार हजार बोलले.

ललित पुडीचा कागद उलगडत होता. वाचला, आणि घडी घालून मुठीत धरला.

"काय लिखेल शे?" तिने विचारलं.

"काही नही, माय. राजानं नाव."

राजाचं नाव वाचताना पोराचा आवाज असा होत नसतो. तिचा कान आयुष्यभर आवाजांवरच जगला होता. "वाची दाखाड," ती म्हणाली.

त्याने वाचलं. धुरपदाची आई सिरियस. गाडीभाडं नाही असं सांगितलं. भाडं या रुपयात गेलं, आदल्या दिवशीच घेतला. सांगायला तोंड नाही. उखा.

आवासाच्या चौकात कोणीतरी भांडी घासत होतं. मगनभाईंना मराठी जेवढी कळायची तेवढी कळली असावी. त्यांनी भिंग उगाच पुसायला घेतलं.

"आखो वाच," ती म्हणाली. त्याने पुन्हा वाचलं.

चार आल्बम, कप्प्याकप्प्यात चिठ्ठी. त्या न बोलणाऱ्या माणसाने बाकीच्यांत काय काय सांगून ठेवलं होतं? आणखी चुका? का कुठे तिचं कौतुक, ललितच्या जन्माचं काही, पुराचं काही? का नुसती राजांची नावं? आता फक्त तापीला ठाऊक. तिने त्या तिन्हींत न बसणारा चौथा "हं" आठवून पाहिला, भाडं नाही म्हणताना त्याच्या तोंडून निघालेला. तिच्या नकलांमध्ये तो कधीच नव्हता. तिने तो काढून बघायला तोंड उघडलं, पण आवाज आला नाही.

ललित म्हणाला, हे नाणं तरी राहू दे माय, आबांची आठवण.

"इकी टाक," नाणं मगनभाईंकडे सरकवत ती म्हणाली. "अन् माले दोंडाईचानं तिकीट काढी दे."

"कोन शे आते तठे?"

"कोनी नही."

कागद तेवढा तिने मागून घेतला आणि बटव्यात ठेवला, पान-सुपारीच्या खणात.

चौथ्या दिवशी ललितने तिला उधना स्टेशनवर भुसावळच्या गाडीत बसवून दिलं. खिडकीजवळची जागा. समोर एक नवी नवरी, माहेरी निघालेली, गप्पांना भुकेली. तुमचे मालक काय करतात, मावशी, तिने विचारलं. धुरपदाबाईने सांगितलं, गेले. कसे होते, म्हणाली पोरगी.

"बोलेत नही फार," धुरपदाबाई म्हणाली. मग सवयीने पुढचं ओठावर आलं. "मनी माय गई ना, तवय..."

ती थांबली. बटव्यावर हात गेला. पोरगी डोळे मोठे करून वाट बघत होती.

"दोन दिन जेवनात नही ते," धुरपदाबाईने सांगितलं, आणि तोंड खिडकीकडे केलं.