शेजारणीच्या कपाळावरचे सात टाके

आमच्या गल्लीतल्या गाड्यांच्या काचा फोडल्या, त्या आठवड्यात मी रोज सकाळी चहाबरोबर कुणाला ना कुणाला फाशी देत होते. पेपर उघडला की कोयता. धक्का लागला म्हणून भोसकलं, नुसतं बघितलं म्हणून डोकं फोडलं. हे अंबडच्या कारखान्यात पहिल्या पाळीला जायचे. डबा भरता भरता मी त्यांना बातम्या वाचून दाखवायचे. "चौकात उभं करून हात तोडले पाहिजेत एकेकाचे," असं मी म्हणायचे. सव्वीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेली बाई मी; मुलांना छडीसुद्धा लावली नव्हती.

एप्रिल होता. नळाला जेमतेम पाऊण तास पाणी, तेही करंगळीएवढी धार. भिंतीपलीकडची शेजारीण, मूळची सायखेड्याची, लाइनला थेट मोटार लावायची. तिची मोटार सुरू झाली की आमचा नळ सुस्कारा टाकून बंद. मी तिला तीनदा सांगितलं होतं. "वरच्या टाकीत पाणी चढत नाय ना ताई, काय करू?" हे तिचं ठरलेलं उत्तर.

त्यातल्याच एका दिवशी पेपरात आलं होतं की आठवडाभर पाणी कमी दाबानंच येणार. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात फोन केला, तर पलीकडच्याने "अर्ज द्या" म्हणून ठेवून दिला. घरात दोन दिवसांची भांडी. नळाखाली पितळी कळशी लावली, तळ भिजला आणि धार तुटली. भिंतीपलीकडून मोटारीची घरघर ऐकू आली.

मी कळशी तशीच हातात घेऊन तिच्या अंगणात गेले.

"बंद कर आधी ती!"

"पाचच मिनिटं, ताई. भरत आली टाकी."

मी वायर हिसकावली. तिनं माझं मनगट धरलं. मी कळशी फिरवली. आवाज फार मोठा झाला नाही, नारळ आपटल्यासारखा झाला. ती दोन्ही हातांनी कपाळ धरून खाली बसली. पहिला फटका रागात बसला, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. दुसऱ्याचं कुणाला सांगितलं नाही. ती खाली बसली होती, हातात काही नव्हतं, आणि मी पुन्हा मारलं. तो तिच्या बोटांवर बसला. त्या क्षणी मला बरं वाटलं होतं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं होतं.

मग तिच्या बोटांतून रक्त कोपरापर्यंत ओघळलं, आणि मी कळशी खाली ठेवली. तिच्या नवऱ्यानं तिला स्कूटरवरून दवाखान्यात नेलं. कपाळाला सात टाके, एक बोट मोडलेलं. दुपारी मी पोलीस ठाण्यात बाकावर बसले होते. तिथली हवालदारबाई माझी विद्यार्थिनी निघाली. तिनं माझं नाव लिहिताना मान वर केली नाही.

तिसऱ्या दिवशी चार ओळींची बातमी आली. नाव नव्हतं, "निवृत्त शिक्षिकेकडून महिलेला मारहाण" एवढंच. पेपर ह्यांनी वाचला आणि घडी घालून ठेवला.

संध्याकाळी मी तिच्याकडे गेले. तिनं दार अर्धंच उघडलं. डोळ्याखाली काळंनिळं उतरलं होतं.

"चुकलं माझं," मी म्हणाले.

"मोटार लावली, ते माझं बी चुकलं. पण मी खाली बसेल होते, ताई. तवा कशाला मारलं?"

दारावरच्या तिच्या हाताच्या बोटाला पट्टी होती.

"मालक म्हनत्यात, शेजारी हायेत, मिटवून टाकू," ती म्हणाली. "मी नाय म्हनले. तुमी शिकेल हायेत. दुसऱ्या कोनी मारलं असतं तर तुमीच बोलल्या असत्या, सोडू नका."

तिनं दार लावून घेतलं. जोरात नाही, हळूच.

ह्यांनी कॉलनीतल्या चार मोठ्या माणसांना तिच्या घरी पाठवायचं ठरवलं होतं. मी नको म्हणाले. वकिलांनी सांगितलंय, झटापटीत कळशी लागली म्हणायचं. पुढच्या महिन्यात कोर्टात तारीख आहे. झटापट पहिल्या फटक्यापुरतीच होती, हे मी तिथे सांगणार आहे.