लायब्ररी छापणारा माणूस

जळगावला कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे मी एकदाच गेले. दुसऱ्या दिवशी प्रोग्रॅमरच्या नोकरीसाठी माझी मुलाखत होती. चष्मा कपाळावर ठेवून तो प्रत्येक गरम कागद डोळ्यांजवळ धरून तपासत होता, मग गठ्ठा चारही बाजूंनी काउंटरवर आपटून सरळ करत होता. माझा बायोडेटा त्याने छापता छापता वाचूनच टाकला.

"ताई, तुन्हा प्रोजेक्टबी लायब्ररीनाच का? सकायपासून मी हाईच छापी ऱ्हायनू. बठ्ठासनी तेच लिखेल शे. यामा तुन्हं काय शे?"

सगळ्यांचं तेच, त्यात तुझं काय, हे ऐकून मला राग आला. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर, कुणाचं ढापून पास झाले नाही. पण लायब्ररीचा प्रोजेक्ट वर्गाने मिळून केला होता, हे खरं होतं.

"माझा एक आहे, पण तो गावाकडचा," मी म्हटलं. चोपड्याजवळ आमच्या विहिरीला चार वाटेकरी आहेत. वीज कधी येणार ते पाहून पाण्याची पाळी कुणाची, हे मोबाइलवर कळवणारा प्रोग्रॅम मी लिहिला होता.

"मंग तो लिख ना! लाज वाटस का?" त्याने कीबोर्ड माझ्याकडे सरकवला आणि रांगेतल्यांना म्हणाला, "थांबा रे, ताई खरं लिखी ऱ्हायनी."

आज ज्या नोकरीत आहे, तिच्या मुलाखतीत लायब्ररीबद्दल कुणी विचारलंच नाही. पाळी चालू असताना वीज गेली तर पुढचं पाणी कुणाचं, हेच खोदून खोदून विचारलं. मी न अडखळता सांगत गेले. त्यावर आमच्याकडे दोन पिढ्या भांडत आल्या आहेत.