काळ्या तारेवर वाळत घातलेली वाकळ

आमच्याकडं घट बसायच्या आधी दसरा काढतात. म्हणजे घरातलं जे जे म्हणून धुता येतं ते सगळं धुऊन काढायचं. डबे, पितळ, पडदे आणि सगळ्यात शेवटी वाकळा. वाकळ म्हणजे जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी. कोरडी असते तोवर मायाळू, एकदा भिजली की रेडकाएवढी जड. घट बसल्यावर आमच्या घरात नऊ दिवस असलं मोठं धुणं काढत नाहीत, त्यामुळं आदल्या दिवशी सगळी गल्ली पाण्यात. दोऱ्या, कुंपणं, ट्रॅक्टरची ट्रॉली, काही म्हणता काही रिकामं राहत नाही.

त्या सकाळी माझ्या सात वाकळा वाळत पडल्या होत्या आणि आठवीला जागा नव्हती.

आमच्या अंगणावरून एक काळी तार जाते. रस्त्यावरच्या खांबावरून येते, गच्चीच्या कठड्याला अडकते आणि खिडकीतून आत शिरते. इंटरनेटची. वर्षभर मी तिच्याकडं बघत होते. एवढी लांब, एवढी गुळगुळीत, आणि दिवसभर नुसती लोंबकळत असते; माझ्या डोळ्यांना ते सहन होत नव्हतं. सून आत होती. मी इकडं तिकडं पाहिलं, स्टुलावर चढले आणि आठवी वाकळ तिच्यावर टाकून दिली. अडुसष्टाव्या वर्षी स्टुलावर चढू नये असं मला लेकानं बजावलेलं आहे. म्हणून तर इकडं तिकडं पाहिलं.

तार झुकली. कठड्यापाशी बारीकसा आवाज झाला, वाळकी तुरीची काडी मोडावी तसा. मी घाईघाईनं वाकळ ओढून हौदाच्या काठावर पसरली. तार जागेवरच होती, जरा ढिली पडलेली एवढंच. मनात म्हटलं, काही झालं नाही.

आतून सुनेची हाक आली, "आई, नेट गेलं!"

आता त्या दिवशी नेट जाणं म्हणजे काय, ते सांगते. माझी सून गणितात पदवी घेऊन, वर बी.एड. करून या घरात आली. सहा वर्षं अर्ज करत होती. शेवटी पुण्याच्या एका ऑनलाइन शिकवणीनं तिला नमुन्याचा तास घ्यायला सांगितलं. घरी बसून, संगणकावर, सहावीच्या पोरांना अपूर्णांक शिकवायचे आणि त्यांच्या दोन बाया ते बघणार. एकदा लाइट गेली म्हणून वेळ बदलून मागितली, दुसऱ्यांदा नेट गेलं म्हणून. तिसऱ्या वेळी त्यांनी कळवलं, ही शेवटची. आज सकाळी अकरा. आणि आत्ता नऊ वाजले होते. लेक सातच्या गाडीनं गंगाखेडला, कारखान्यावर गेलेला. फोनच्या रेंजवर तास घ्यावा म्हटलं, तर आमच्या घरातली रेंज चिडलेल्या पाहुण्यासारखी. उंबऱ्यापर्यंत येते, आत काही येत नाही.

सुनेनं लाइनवाल्याला फोन लावला. हा पिंगळीचा, गाडीवर मशीन घेऊन तारा जोडत हिंडतो.

"वहिनी, डबीवर लाल लाइट चमकायलाय का?"

"हाव."

"मग तार तुटली कुठं तरी. कुठं ते बघावं लागंल."

आणि मी, कुणी विचारलेलं नसताना, दारातून म्हटलं, "सकाळी वानरं होती खांबावर."

"कोणत्या खांबावर, मावशी?"

खोटं बोलणाऱ्यानं इथं थांबावं. पण मला कधीच थांबता आलेलं नाही. "तिकडं, ओढ्याच्या पल्याड. पाच-सहा होती. एक तर तारेला लोंबकळायलं होतं." त्या वानराच्या पोटाला पिल्लू होतं हेही मी सांगणार होते, पण फोन ठेवला गेला.

सून म्हणाली, "बरं झालं तुमी बघितलं. न्हाई तर तो शोधत बसला असता."

मी हौदावर जाऊन वाकळ उगीच पिळत बसले.

साडेनऊ झाले. सुनेनं चांगली साडी नेसली, पांढरी फळी भिंतीला टेकवली, तिच्यावर भाकरीएवढा गोल काढला, त्याचे आठ भाग केले. पावणेदहाला लाइनवाल्याचा फोन. ओढ्यापल्याडचे सगळे खांब पाहिले, तार शाबूत आहे. आता पार पिंगळीपर्यंत बघत जावं लागेल. दुपार होईल.

सुनेनं फोन खाली ठेवला. रडली नाही, चिडलीही नाही. फळीवरचा गोल ओल्या फडक्यानं पुसला आणि माझ्याजवळ येऊन, त्या चांगल्या साडीचा पदर कमरेला खोचत म्हणाली, "राहू द्या. माझ्या नशिबातच न्हाई म्हणायचं. आणा ती वाकळ, पिळते."

तिच्या तोंडचं हे वाक्य मला ओळखीचं होतं. माझंच होतं ते.

मी विशीत होते तेव्हाची गोष्ट. मीही शिकलेली होते बरं का, तालुक्यातून डी.एड. झालेली, आणि तेवढ्यावर नाक असं वर करून चालायची की पायाखालचं शेण दिसत नसे. सेलूकडच्या एका शाळेसाठी मुलाखतीचं बोलावणं आलं. माहेरची अंजिरी साडी नेसून, केसात अबोलीचा गजरा माळून, ही बाई देवगाव फाट्यावर दुसऱ्या गाडीची वाट बघत उभी राहिली. घरी परतून सांगितलं, गाडीच आली नाही. पुढं कित्येक वर्षं हीच कहाणी चालली. मग ती जुनी झाल्यावर मी हळूहळू सासूला त्यात आणलं. सासूनं पाठवलंच नसतं, सासूला आवडलंच नसतं. ती बिचारी तर त्या दिवशी माझ्यासाठी दशम्या बांधून दारात उभी होती.

गाडी आली होती. माझ्यासमोर थांबली होती. दारात दोन माणसं लोंबकळत होती, आणि कंडक्टर म्हणाला, "चला बाई, चढा, पुढं सरका." मी म्हटलं, गर्दी आहे, साडी चुरगळेल. साडी! खरं तर मी भ्याले होते. तिथं पाच माणसं टेबलापलीकडं बसणार, काही तरी विचारणार आणि आपल्याला येणार नाही, याला. गाडी गेली तेव्हा मला किती हलकं वाटलं, ते मी कुणालाही सांगितलेलं नाही. फाट्यावर बसून दशम्या खाल्ल्या आणि परत आले. नशिबात नव्हतं, म्हटलं. लोकांनीही मान डोलावली. नशिबाला काय, ते कुठं गवाही द्यायला येतं?

म्हणजे हिशेबी बाई मी. आधी गाडी, मग सासू, आता वानर. माझ्यावर कधी काही आलंच नाही.

पण त्या गाडीपायी नुकसान झालं ते माझं एकटीचं होतं. इथं सून वाकळ पिळत होती आणि तिच्या बोटांना अजून खडूचा, म्हणजे त्या फळीच्या पेनाचा, निळा रंग होता. ती भ्यालेली नव्हती. ती गाडीत चढायला तयार होती आणि गाडीपुढं दगड मी ठेवला होता.

"अगं," मी म्हटलं, "तो माणूस उगीच पिंगळीला जायलाय."

"का?"

"तार हितंच तुटली. कठड्यापाशी."

"तुमाला कसं ठाव?"

"मी ही वाकळ टाकली होती तिच्यावर. ओली."

तिनं वाकळ सोडली. वाकळ हौदात पडली, पाणी दोघींच्या अंगावर उडालं.

"आणि वानरं?"

"एकच होतं. लुगडं नेसलेलं."

मला वाटलं, हसेल. माझा आयुष्यभराचा अनुभव असा की माणूस हसला की गुन्हा अर्धा माफ होतो. ती हसली नाही. सहा वर्षांत पहिल्यांदा तिचा आवाज माझ्यावर चढला. "पाऊण तास, आई! पाऊण तास तुमी बघायलाव माझ्याकडं, आणि सांगंनात?" शेजारची बाई कुंपणावरून डोकावली. मी मान खाली घातली. नाटकी नव्हे, खरीच.

तिनं पुन्हा फोन लावला आणि लाइनवाल्याला सगळं सांगितलं, माझ्यादेखत, एक शब्द न वगळता. पलीकडून तो म्हणाला, "मावशीला द्या." मी फोन घेतला. "मावशी, मी हितं बाभळीत शिरून वर बघायलोय. काटा मोडलाय पायात. तुमच्या वानराला सांगा, चहा ठेव म्हणावं."

तो आला तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. ती तार आतून काचेची असते, केसाएवढी, हे मला त्या दिवशी कळलं. वरून धड दिसते आणि आतून मोडलेली असते. त्यानं गच्चीवर मशीन मांडलं, टोकं सोलली, पुसली, पुन्हा कापली. मशीनवर ऊन नको म्हणून मी छत्री धरून उभी राहिले. हात भरून आला तरी बदलला नाही. पहिला जोड बिघडला. अकरा वाजले. खाली सून पुन्हा गोल काढत होती. पेन फळीवर घासल्याचा आवाज वर येत होता. दुसरा जोड बसला. "वहिनी, बघा!"

"हिरवा!" खालून आवाज आला.

अकरा वाजून सात मिनिटं.

मी जिन्यावर बसून ऐकलं. पलीकडची बाई उशिराबद्दल काही तरी म्हणाली, जरा तिखटच. सून म्हणाली, "तार तुटली होती, मॅडम, घरच्याच चुकीनं. पंधरा मिनिटं मिळाली तरी मी घेते तास." सबब सांगितली नाही, गयावया केली नाही. आणि शिकवायला लागली.

सहा वर्षं मी या बाईचा आवाज ऐकत आले. हो आई, नाही आई, वाढू का आई. हा आवाज मी ऐकला नव्हता. ती एका पोराला म्हणाली, "आठातले तीन तू खाल्लेस, मग बहिणीला किती ठेवलेस?" पोरगं म्हणालं, "बहिणीला भूक नाही." पोरं हसली, तीही हसली, आणि म्हणाली, "नसू दे. मोज तर!" मी आणि लाइनवाला, दोघं जिन्यावर, बशीतला चहा निवत चाललेला. तो हळूच म्हणाला, "लय भारी शिकवतेत वहिनी." फाट्यावरची अंजिरी साडीवाली तेव्हा माझ्याजवळ असती, तर तिच्या पाठीत एक धपाटा घातला असता.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी सून माझ्याशी कामापुरतं बोलली. मी तक्रार केली नाही. चौथ्या दिवशी तिच्या फोनवर निरोप आला. तिनं वाचला, आत गेली, पुन्हा बाहेर येऊन वाचला. मग मला दाखवला. तिला घेतलं होतं.

मी म्हटलं, "साखर आणते."

"साखर नंतर. आधी ऐका. रोज चार ते सहा माझे तास. तेव्हा मला हाक मारायची न्हाई. पाहुणे आले तरी न्हाई."

या घरात सुनेनं सासूला असं काही बजावल्याचं मी पाहिलेलं नव्हतं. "हाव," म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

पहिल्याच आठवड्यात माझी थोरली नणंद आली, बरोबर सव्वाचारला. खाटेवर बसली, गुडघे दाबले आणि नजर स्वयंपाकघराकडं.

"सून कुठं गेली?"

"शाळेत," मी म्हटलं आणि चहा ठेवायला उठले.

आतल्या खोलीतून आवाज येत होता. नणंदेनं कान टवकारले. "आगं, मग ही आत कोण बोलायली?"

"हळू बोला, वन्सं," मी म्हटलं. "तास चालू हाय."