सात किलोत मावेल तेवढं

मुलाने बेंगळुरूचं विमानाचं तिकीट मोबाईलवर पाठवलं आणि पाठोपाठ फोन केला. "आई, फक्त केबिन बॅगचं तिकीट काढलंय हं. सात किलो. उगाच बेल्टवर ताटकळत उभं राहायला नको. बॅग उचलायची आणि थेट बाहेर यायचं."

"आणि परतीचं?" मी विचारलं.

"ते बघू गं नंतर. तू आधी ये तर."

त्या दिवसांत मी मुलुंडला भाड्याच्या घरात राहत होते. घाटकोपरची आमची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली आणि शेजारीपाजारी कुणी ठाण्याला, कुणी बोरिवलीला, कुणी थेट बदलापूरला पांगले. यजमान तर त्याच्या आधीच गेले होते. भाड्याचा करार संपत आला होता आणि एजंट दर दोन दिवसांनी फोन करायचा, "मॅडम, रिन्यू करायचं ना? दुसरी पार्टी उभी आहे." मी "कळवते" म्हणून फोन ठेवायचे. कारण मला मनातून वाटत होतं, मुलगा म्हणेल, आई, आता करारबिरार करू नकोस, इकडेच राहा. तो तसं कधी बोलला नव्हता. पण बोलेल असं वाटत होतं, आणि मी आपणहून विचारणार नव्हते. शाळेत जन्मभर पोरांना सांगत आले, शंका असेल तर हात वर करा. स्वतःचा हात काही वर जात नाही.

तर तिकीट आलं तशी मी नियम वाचायला बसले. मला नियम वाचायची खोडच आहे. यजमान कुठल्याही कागदावर न वाचता सही ठोकायचे आणि वर मलाच हसायचे. बॅगेची लांबी-रुंदी चाकं आणि दांडा धरून मोजायची, असं लिहिलं होतं. मी शिवणाची टेप काढून मोजली. वजन सात किलो, तेही बॅगेसकट. म्हणजे सातातले अडीच किलो बॅगबाई स्वतःच खाणार, उरलेल्या साडेचारात मी माझा संसार बसवायचा. खांद्याची पर्स वेगळी चालते, तेवढाच उपकार.

मग काय चालत नाही ते वाचलं. धारदार वस्तू केबिनमध्ये चालत नाहीत. आता माझी विळी घडीची आहे, पुढे खोबरं खवायचा दातेरी गोल आहे, लग्नात आईने मालवणहून आणून दिलेली. सुनेच्या घरी सगळं सुरीने चालतं आणि मला सुरीने कांदासुद्धा धड चिरता येत नाही. विळी बाहेर काढली. लोणच्याची बरणी तेलामुळे बाहेर. काडेपेटी बाहेर, कापूरही बाहेर. सुकं खोबरं तर केबिनमध्ये नाही आणि विमानाच्या पोटातही नाही, त्यात तेल असतं आणि ते पेट घेतं म्हणे. इतकी वर्षं वाटणात घालते आहे, एकदा भडकलं असेल तर शपथ.

पलंगावर न चालणाऱ्या वस्तूंचा ढीग झाला. त्याच्याकडे बघताना मला एक गोष्ट कळली. राहायला जाणारी बाई जे जे बरोबर नेते, ते सगळं त्या ढिगात होतं. पाहुणीला स्वतःची विळी लागत नाही. पाहुणी चार साड्या घेते, खाऊ घेते आणि जाते. मुलाने हा हिशोब केला नसणार, त्याने आपलं आईचे गुडघे दुखतात एवढंच बघितलं असणार. पण तिकीट काढताना आईचं सामान किती असेल हे त्याच्या मनात आलंच नाही, हेही तितकंच खरं होतं.

तरी माझी आशा चिवट. देवांबद्दल नियमात काही नव्हतं. मी देव्हाऱ्यातली अन्नपूर्णा, बाळकृष्ण, गणपती आणि छोटी समई साड्यांच्या घडीत गुंडाळून बॅगेत घातली. देव नेले म्हणजे बिऱ्हाड नेलं, असा माझा डाव. पितळेचे देव दिसतात एवढेसे, पण वजनाला दणकट.

आणि तिथेच वाट लागली. आमच्याकडे वजनाचा काटा आहे, पायाखाली घ्यायचा, सुईवाला. पूर्वी प्रवासाला निघताना मी बॅग उराशी धरून त्यावर उभी राहायचे आणि यजमान खाली वाकून आकडा वाचायचे. मग मी बॅग ठेवून एकटी उभी राहायचे, तो आकडा वजा करायचा. "बॅग ठीक आहे, बाईच ओव्हरवेट आहे," असं ते दर वेळी म्हणायचे, आणि दर वेळी मी चिडायचे. या वेळी बॅग उराशी धरून उभी राहिले आणि खाली बघितलं, तर बॅगच दिसते. आकडा बॅगेखाली. बाजूला धरली तर तोल जायला लागला. नुसती बॅग काट्यावर ठेवली तर तिने काटाच झाकून टाकला. मोबाईल जमिनीवर ठेवून शूटिंग केलं, त्यात माझ्या पायांची बोटं तेवढी आली. इतक्या साध्या कामाला घरात दुसरं माणूस लागतं, हे मला कधी माहीतच नव्हतं. मी काट्यावर उभी राहूनच रडले. बॅग हातात होती, डोळेही पुसता येईनात.

शेवटी समोरच्या दाराची बेल वाजवली. तिथे एक मुलगी भाड्याने राहायची. वर्ष होत आलं होतं, पण आमची ओळख लिफ्टमधल्या हसण्यापलीकडे गेली नव्हती. कानाला हेडफोन लावूनच तिने दार उघडलं.

"सॉरी आंटी, मीटिंग चालू आहे. काय झालं?"

"काकू म्हण गं," मी म्हटलं, "आणि एक मिनिट येतेस का? आकडा वाचायचाय."

ती आली. माझ्यासमोर उकिडवी बसली, मोबाईलचा उजेड पाडून वाचलं. "बहात्तर. थोडं वरच." मग मी बॅग ठेवली, एकटीचा आकडा मला दिसत होताच. त्रेसष्ट. म्हणजे बॅग नऊच्या वर. तिने घरभर नजर फिरवली.

"तुम्ही एकट्याच असता इथे?"

"हो. बस ना, चहा टाकते."

"नाही ना काकू, ते लोक वाट बघतायत," ती कानाकडे बोट दाखवत म्हणाली आणि गेली. या घरात प्लंबरनंतर आलेलं ते पहिलं माणूस. तिला थांबवायला मला काहीतरी आणखी मोजायचं सुचायला हवं होतं.

देव काढले. समई काढली. देव्हाऱ्यात परत मांडताना त्यांना सांगितलं, थोडे दिवस कळ काढा. मग बॅगेत चार साड्या, औषधं, आमसुलं आणि रव्याचे लाडू एवढंच राहिलं. ती हाताला हलकी लागली, पुन्हा काट्यावर चढायची गरज पडली नाही.

अंधेरीला विमानतळावर माझ्या बॅगेचं कुणी वजनच केलं नाही. मी दोनदा पुढे करून बघितली. काउंटरवरच्या माणसाने न बघताच टॅग लावला.

बेंगळुरूला मुलगा घ्यायला आला होता. बॅग एका हाताने उचलून म्हणाला, "वा, एकदम शहाण्यासारखं पॅकिंग." त्यांच्याकडे दोनच खोल्या. एकीत ती दोघं झोपतात आणि दुसरीत सुनेचं ऑफिस. रात्री तिथे माझ्यासाठी सोफ्याचा पलंग व्हायचा, सकाळी तिचं काम सुरू व्हायच्या आत पुन्हा सोफा. सून चांगली आहे. माझ्यासाठी तिने मुद्दाम बांगडे आणले होते आणि मला सुरी चालत नाही म्हणून कांदा तीच चिरून द्यायची.

एकदा जेवताना मी त्यांना काट्याची गोष्ट सांगितली. बॅग धरून कशी उभी राहिले, बोटांचं शूटिंग, हेडफोनवाली पोरगी, सगळं रंगवून. रडल्याचं तेवढं गाळलं. दोघं पोट धरून हसली, मीही हसले. बऱ्याच दिवसांनी कुणी माझ्या बोलण्यावर हसलं होतं.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी कुरिअर आलं. मुलाने खोकं माझ्या हातात दिलं. आत मुठीत मावेल असा वजनकाटा होता, खाली पट्टा आणि हुक. त्याने लगेच माझी बॅग अडकवून दाखवली. "हे बघ, हुक लावायचा आणि उचलायचं. आकडा वर दिसतो आणि तिथेच थांबून राहतो. आता तुला कुणाला बोलवायला नको."

"एकटीने सगळं जमेल आता, आई," सून म्हणाली.

किती खूष होती दोघं. मुलाच्या चेहऱ्यावर नुसती माया होती, त्याला दोष तरी कसला देणार? त्याने माझी अडचण नीट ऐकली होती आणि तिच्यावर उपाय आणला होता. "झकास आहे रे," मी म्हटलं. एकदा उचलूनही बघितलं.

मग मी बाल्कनीत गेले आणि एजंटला फोन लावला. "करार करून टाका," मी म्हटलं.

"पक्कं ना मॅडम? मग मी त्या पार्टीला नाही सांगतो. अकरा महिने?"

"अकरा महिने."

आतून मुलाने लॅपटॉपवरून हाक मारली, "आई, रविवारी दुपारचं परतीचं तिकीट आहे, स्वस्तात मिळतंय. चालेल ना?"

"चालेल," मी म्हटलं. "केबिन बॅगचंच काढ."