कारखान्याच्या टॉवरचं कार्ड

बारामतीच्या स्टँडवर उतरले तेव्हा दुपारचा एक वाजला होता. पहाटे नाशिक सोडलं होतं. पुण्यात गाडी बदलताना फलाट चुकला, चुकलेल्या फलाटावर अर्धा तास गेला आणि पुढची गाडी जेजुरीपर्यंत उभ्याने करावी लागली. मावशी पंख्याखाली बसली होती. पंखा बंद होता. तिच्या मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला तिचा जुना फोन होता.

"आलीस व्हय," ती म्हणाली. "आधी च्या पी. डोळं बघ कसं झाल्यात."

कुसुममावशी माझ्या आईची धाकटी बहीण. लग्न होऊन पळसदेवला गेली त्याला तीस वर्षं झाली, आणि तिची बोलीही आता तिथलीच झाली आहे. तिची मुलगी सुषमा शेळगावला दिली आहे. सुषमाला दुसऱ्यांदा दिवस भरत आले होते. पहिल्या वेळी कळा लवकर सुरू झाल्या आणि मावशीला निरोप मिळाला तो दुसऱ्या दिवशी. या वेळी तिने सुषमाला शब्द दिला होता, "तुला आत नेतील तवा मी दारात हाय." त्या शब्दासाठी तिला वाजणारा फोन हवा होता. जुना फोन इतका बारीक वाजायचा की वारा सुटला की ऐकूच येत नसे.

तो फोन एका कंपनीने स्वस्तात विकला होता आणि त्यात त्याच कंपनीचं कार्ड चाले. दुसरं घातलं तर पडद्यावर नकार येई. मला याचाच जास्त राग होता. माझ्या वडिलांनी आयुष्यभर ग्राहकांसाठी पत्रकं काढली. आमच्या घरी जेवायच्या आधी पत्रकांच्या घड्या घालायच्या असत. 'फोन घेण्यापूर्वी विचारायचे अकरा प्रश्न' हे त्यांचं सगळ्यात नवं पत्रक माझ्या पिशवीत होतं. माणसाने पैसे मोजून घेतलेली वस्तू दुसऱ्याच्या हुकमात का राहावी? हा प्रश्न मी मावशीला चहा पितानाच विचारला. ती म्हणाली, "बिस्कूट घे."

पहिल्या दोन दुकानांत आमचं जमलं नाही. तिसरं दुकान भिगवण रस्त्याला होतं, अरुंद आणि तापलेलं.

"कंपनीचं कुलूप नसलेला फोन हवाय," मी म्हटलं. "कोणतंही कार्ड चालणारा."

"कुलूप?" दुकानदाराने माझ्याकडे न बघता मावशीकडे पाहिलं. "आक्का, ह्या पाव्हण्या कुठल्या?"

"नाशिकच्या. बहिणीची लेक हाय. लई शिकल्याली हाय."

"तरीच."

कोणतंही कार्ड चालतं हे तोंडी सांगून भागणार नव्हतं. पत्रकातला चौथा प्रश्न तोच होता. मी आधी माझं कार्ड घालून पाहिलं, मग दुकानदाराचं, मग चहा घेऊन आलेल्या माणसाचं. तो बिचारा किटली खाली ठेवून आपल्या फोनकडे बघत उभा राहिला.

"सोयरीक जुळवतीया जणू," मावशी त्याला म्हणाली. "पत्रिका बघून मगच सोडणार."

फोन ठरला. आवाज खणखणीत होता. कार्डाच्या बाबतीत मी आणखी ताठ होते. महिना म्हणायचं आणि अठ्ठावीस दिवस द्यायचे, ही राजरोस लबाडी आहे असं माझं मत आहे आणि ते मी दुकानात सगळ्यांना ऐकवलं. पूर्ण महिना देणारी एक कंपनी निघाली. अटीही चार ओळींत संपत होत्या. मी तिच्यावर बोट ठेवलं.

"टॉवर कुठं हाय त्यांचा, आमच्याकडं?" मावशीने विचारलं.

"टेकडीवर," दुकानदार म्हणाला.

"मंग ते शेजारच्या तात्याकडं हाय की."

"तात्यांकडे आहे म्हणजे तिथे चालतं," मी म्हटलं. "मग तर उत्तमच."

मावशीने तोंड उघडलं, मिटलं आणि पदर सारखा केला. मी तेव्हा आधार कार्डाची प्रत शोधत होते.

नवं कार्ड संध्याकाळपर्यंत सुरू होणार होतं. मावशीने जुन्या फोनवरून सुषमाला आणि जावयाला नवा नंबर सांगितला. मग दुकानदार म्हणाला की जुना फोन दिला तर कव्हर आणि काच फुकट.

"राहू दे की तो," मावशी म्हणाली. "वस्तीला लागतोय."

मला वाटलं, जुन्या वस्तूचा लोभ. "ती बेडी आहे मावशी. सुटलीस, आता परत घरी कशाला न्यायची?"

तिने वाद घातला नाही. आतलं कार्ड मात्र काढून घेतलं, एसटीच्या तिकिटात गुंडाळलं आणि कनवटीला लावलं. ते कार्ड नव्या फोनच्या दुसऱ्या खाचेत सहज बसलं असतं. पण ज्या कंपनीने मावशीला पाच वर्षं बांधून ठेवलं तिला या फोनमध्ये जागा नाही, असं मी ठरवून टाकलं होतं.

पळसदेवला आम्ही कळसमार्गे वडापने (माणशी भाडं घेऊन फिरणारी जीप) गेलो. नाना नावाचा चालक मावशीच्या ओळखीचा होता. पुढे उसाच्या ट्रॉल्या, मागे उसाच्या ट्रॉल्या आणि मध्ये आम्ही. कळसजवळ टायर बसला. बाभळीच्या विरळ सावलीत मी फुफाट्यात बसून राहिले. अंगातलं सगळं बोलणं संपलं होतं. मावशीने पिशवीतून शेंगदाणे काढून माझ्या हातावर ठेवले आणि नानाला टायरबद्दल चार शिव्या घातल्या.

"मावशे, टायर माझा हाय," नाना म्हणाला.

"म्हणूनच तुला घालतीया. टायरला कळतंय व्हय?"

मावशीची वस्ती गावापासून खाली, उजनी धरणाच्या पाण्याकडे उतरत गेलेल्या खडकाळ वाटेवर आहे. तीन घरं. पाणी बरंच मागे हटलं होतं आणि लांब चिखलाच्या पलीकडे जुन्या देवळाचा कळस दिसत होता. पुरती भेगाळलेली जमीन, तिच्यावर उपड्या टाकलेल्या दोन होड्या. तिन्ही घरांच्या दारांच्या चौकटींना बाहेरून एकेक खिळा होता आणि खिळ्याला कापडी बटवा. फोन ठेवायचे. मला ते फार गोड वाटलं. मी फोटो काढला. ते बटवे घराच्या आत न टांगता बाहेर का टांगले आहेत, हे मी विचारलं नाही.

दिवेलागणीला कार्ड सुरू झालं. मी माझ्या फोनवरून मावशीला फोन लावला. पार होड्यांपर्यंत आवाज गेला. मावशीच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं ते एवढंच, आणि ते पाहून प्रवासाचा शीण थोडा उतरला.

शेजारचे तात्या आले. साठीपुढचे, बुटके, मासेमारी करणारे. "बघू नवा फोन. झ्याक हाय की. कार्ड कुणाचं?"

"टेकडीचं," मावशी म्हणाली.

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पाण्याकडे. "आसू दे. पोरीनं हौसेनं आणलंय."

रात्रीच्या जेवणाला चिलापी (उजनीत सापडणारा चपटा मासा) होती. तव्यावर तळलेली, आणि सोबत बाजरीची भाकरी. मी तीन खाल्ल्या आणि तिथेच लवंडले.

सकाळी सातला लाईट गेली. कुठेतरी तारांचं काम चाललं होतं. तिसऱ्या घरातली माणसं आदल्या दिवशीच करमाळ्याला लग्नाला गेली होती. मावशी मटकी निवडत बसली आणि दर थोड्या वेळाने दाराकडे बघत राहिली. नवा फोन तिने बटव्यात न ठेवता उशाशी, पेटीवर ठेवला होता. तो काही वाजला नाही. मी म्हटलं, नाही वाजला म्हणजे सगळं ठीक आहे.

दोन वाजता तात्या पाण्यावरून आले. पाटीभर मासे होते आणि भिगवणच्या व्यापाऱ्याला गाडी पाठवायला सांगायचं होतं. ते सरळ मावशीच्या दाराशी आले आणि सवयीने चौकटीच्या बटव्यात हात घातला. बटवा रिकामा होता.

"कुसुम, तुझा लागतोय का? माझा सकाळधरनं मेलाय."

मावशीने मटकीची ताटली बाजूला सारली. मी पेटीवरचा फोन उचलला. पडद्यावर कोपऱ्यात जिथे रेघा असायला हव्यात तिथे फुली होती. माझ्या फोनवरही तीच.

"टेकडीला डिझेल न्हाय," तात्या म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर मला सोपं गेलं असतं. "लाईट गेली की दोन-तीन तासांत टॉवर बसतो. हायवेचा बी तसाच. साखर कारखान्याचा, कुसुमच्या जुन्या कार्डाचा, तेवढा चालू ऱ्हातो, कारखान्याची लाईट घरची हाय. म्हणून तर तीन घरांत तीन कार्डं हायती, पोरी. ठरवून घेतल्याली. ज्याचा लागंल त्याच्या बटव्यातनं कुणीबी बोलावं. तिघांचे नंबर तिघांच्या पाव्हण्यांकडं हायती."

"मावशी, तू बोलली का नाहीस?"

"बोलले की," ती म्हणाली. "तू पत्रक वाचत हुतीस."

तिने कनवटीचं तिकीट सोडवलं. कार्डाची खाच उघडायची पिन मी दुकानातच विसरले होते. मावशीने कानातलं फूल काढलं आणि त्याच्या तारेने खाच उघडली. जुनं कार्ड दुसऱ्या खाचेत बसलं. फोनने कसलीही कुरकूर न करता ते घेतलं. हाच तो गुण, ज्यासाठी मी तीन दुकानं पालथी घातली होती.

एक रेघ आली, मग दोन. मग संदेशांची टिकटिक. जावयाचे चार फोन येऊन गेले होते, पहिला साडेबाराचा. मावशीने उलटा लावला.

"आत्या, किती लावला तुम्हाला!" जावयाचा आवाज मलाही ऐकू येत होता. "नवा लागंना, जुना लागंना, तात्यांचा लागंना. तिसऱ्यांकडं नुसताच वाजतोय, बँडात कुणाला ऐकू येतंय? इंदापूरला आणलंय तिला. या लवकर."

तात्यांनी त्याच फोनवरून आधी नानाच्या जीपला बोलावलं, मग व्यापाऱ्याला. आम्ही हायवेने निघालो. मावशी पुढे बसली होती. तिच्या मानेवरचा घाम मला मागून दिसत होता. नानाने जीप जेवढी पळते तेवढी पळवली.

इंदापूरच्या दवाखान्यात पोहोचलो तेव्हा जिन्यातच परिचारिका भेटली. "तुम्ही आई का? मुलगी झाली. अर्धा तास झाला. दोघी बऱ्या आहेत."

मावशी कठड्याला धरून क्षणभर थांबली, मग वर गेली. सुषमा पांढरीफटक पडून होती. बाळ शेजारी गुंडाळलेलं.

"दारात बघत हुते मी, आई," सुषमा म्हणाली. "आत नेईपतूर बघत हुते."

मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. आता सांगावं, सगळं माझ्यामुळे झालं, असं मनात आलं.

"रेंज न्हवती बाळा," मावशी म्हणाली आणि तिच्या कपाळावरचे केस मागे सारले.

तेवढ्यावर तिने ते मिटवलं. मला मिटवता आलं नाही.

संध्याकाळी मावशी बाहेरच्या बाकावर येऊन बसली. आता महिनाभर ती शेळगावला राहणार होती. थोरल्या नातीला बघायला कुणी नव्हतं. "फोन चांगला हाय गं," ती म्हणाली. "तुझी काय चूक न्हाय तसं. पण वस्तीला आता कारखान्याचं कोण न्हाय. तात्याचं मासं नासायचं अशानं." शेळगावला टेकडीवाल्या कंपनीचीही रेंज होती. मी जुनं कार्ड तिच्याकडून मागून घेतलं. तिने परत कानातलं फूल काढून दिलं.

दुसऱ्या दिवशी बारामतीला त्याच दुकानात गेले. जुना फोन गल्ल्याखालच्या खणात तसाच पडला होता.

"कुलूपवाला फोन?" दुकानदार म्हणाला. "तुमाला?"

"मलाच."

"आन् कव्हर?"

मावशीच्या फोनवरचं कव्हर मी काढून आणलं होतं. ते काउंटरवर ठेवलं. काच निघत नव्हती. "राहू द्या," तो म्हणाला. "काचंचं काय घेऊन बसलाय." फोन चार्ज व्हायला लावला आणि मला स्टूल दिलं. मी तासभर त्या तापलेल्या दुकानात भिंतीला टेकून बसले. मग कार्ड घालून फोन नानाच्या हवाली केला आणि तो तात्यांकडेच द्यायचा, असं तीनदा बजावलं.

"व्हय ताई," नाना म्हणाला. "टायर बसला तर चालत जाऊन दीन."

पुण्याच्या गाडीत या वेळी जागा मिळाली. पिशवीतलं पत्रक काढून पुन्हा वाचलं. एखाद्या कंपनीने विकलेल्या फोनलाही आपलंच कुलूप लावून ठेवणं चूक आहे, हे माझं मत बदललेलं नाही. यापुढेही मी ते दुकानादुकानांत सांगत राहीन. पण पत्रकातले अकराच्या अकरा प्रश्न एकट्या गिऱ्हाईकाने दुकानदाराला विचारायचे आहेत. शेजाऱ्याला विचारायचा त्यात एकही नाही. वडिलांना हे सांगायला हवं. त्यांना ते आवडणार नाही, मग आवडेल.

पुणे मागे पडून संध्याकाळ झाल्यावर मी मावशीचा जुना नंबर लावला. बराच वेळ वाजत राहिला.

"कोण?"

"तात्या, मी. कुसुममावशीची भाची. फोन पोचला?"

"पोचला. बटव्यात टांगलाय, कुसुमच्याच दाराला." मागे वाऱ्याचा मोठा आवाज होता. "दुपारधरनं हितंच बसलोय."

"का?"

"आगं, लई बारीक वाजतोय तो. कुणीतरी बसाय नगं का जवळ?"