न वाजलेली घंटा
शेजारून नागलीची भाकरी भाजल्याचा वास आला, की मला पेठ तालुक्याच्या बाजूचा तो इंग्रजांच्या काळातला दगडी बंगला आठवतो. मागे नुसतं माळरान, आणि आत पाहुण्यांसाठी मुक्काम-न्याहारीची सोय. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून आम्ही दोघं तिथे गेलो आणि पहिल्याच सकाळी भांडलो. बायको शाल ओढून माळावर निघून गेली. थोड्या वेळाने एवढं धुकं उतरलं, की अंगणातला चाफाही दिसेना. धुक्यात कोणी बाहेर असलं, की बंगल्याची पितळी घंटा वाजवत राहायची, म्हणजे माणूस आवाजाच्या रोखाने परत येतो, अशी तिथली रीत. म्हाताऱ्या राखणदाराने घंटेपाशी जाऊन विचारलं, "साहेब, बाई खोलीतच हायेत ना? नाय तर वाजवतो." भांडण झालंय हे सांगायची मला लाज वाटली. "झोपल्यात," म्हणालो आणि भाकरी खात बसलो. दोन तासांनी ती आली, थरथरत, पाय काट्यांनी ओरबाडलेले. म्हातारा चपापला. "बाई, साहेब तर म्हनले तुम्ही झोपल्यात." तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ती पायातले काटे काढू लागली. घरी आल्यावर मी मुलांना सांगितलं, घंटा वाजत होती, हिलाच ऐकू आली नाही. मग कुकरची शिट्टी झाली तरी मुलं विचारायची, "आई, ऐकू आली का गं?" तीही हसायची. तिला जाऊन तीन वर्षं झाली. परवा कुकरची शिट्टी झाल्यावर नातवाने आजीच्या फोटोकडे बघून तीच थट्टा केली आणि सगळे हसले. मुलांनो, घंटा वाजलीच नव्हती. तुमच्या आईचे कान शेवटपर्यंत चांगले होते.